तिवड्याची जागा

शर्त लागली ती साखराबाईच्या पिठाच्या गिरणीपुढच्या बाकड्यावर, अन् शर्त काय, तर हरेल त्यानं बैल व्हायचं. तोंडाला मुसकं बांधायचं, गळ्यात दोरी अडकवायची अन् कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटात खांबाभोवती गोल फिरायचं, रविवारी, सगळ्यांदेखत. आयडिया माझीच. असल्या आयड्या माझ्याच असतात. नांदेडात तरोडा नाक्याच्या पलीकडं आमच्या कॉलनीत काही उफराटं घडलं की लोक आधी माझ्या मोटार वायंडिंगच्या दुकानाकडं बघतात अन् मग आभाळाकडं. भंगारवाल्याची हाळी मोबाईलमधी भरून पहाटे गच्चीवरून सोडली होती ती मीच. बाया जुने डबे घेऊन गेटात उभ्या राहिल्या अन् सगळ्यात पुढं माझी बायको उज्वला, आमचाच चांगला डबा हातात घेऊन. पन्नाशी उलटली तरी माणूस सुधरत न्हाई, असं साखराबाई म्हणते. ती खरं बोलते. सुधरायला काही कारण लागतं, अन् मला ते कधी घावलं न्हाई.

त्या संध्याकाळी बाकड्यावर बुद्धप्रिया लॅपटॉप उघडून बापाला काहीतरी दाखवून राहिली होती. बाप म्हणजे आनंदराजभाऊ, माझ्या भिंतीला भिंत. जन्म सगळा मोजणी खात्यात काढला, अर्ध्या जिल्ह्याचे बांध त्यांच्या साखळीखालून गेले, अन् आता रिटायर झाल्यावर कुणाच्या गेटाची चौकट वाकडी दिसली तरी त्यांना जेवण जात न्हाई. पोरगी विद्यापीठात संशोधन करते. कशावर, तर मेलेल्यांच्या जागांवर. लई जुन्या काळात, दोन-तीन हजार वर्सांखाली, ह्या भागातले लोक मेलेल्याला पुरायचे अन् भोवती मोठाल्या दगडांचं कडं करायचे. कुणी ते दगड बांधाला नेले, कुठं तलाव झाला, कुठं मशीन फिरलं, अन् कडी गेली. बुद्धप्रिया ती कागदावर हुडकते. निजामाच्या वेळचे गावनकाशे, त्यावरची मुंगीसारखी उर्दू वाचायला ती देगलूर नाक्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं दोन उन्हाळे शिकायला जात होती. ते नकाशे ती वरून काढलेल्या फोटोवर पसरते, कोपऱ्याला कोपरा जुळवते, अन् प्रत्येक जागेचा एक ठिपका करते. हिरवा ठिपका म्हणजे कडं अजून जाग्यावर हाय. करडा म्हणजे हरवलं. तिच्या पडद्यावर लातूर जिल्हा बघितला तर करड्या देवीचे वण उठल्यासारखा दिसतो.

ती बापाला जळकोटच्या पुढचा एक माळ दाखवत होती. नकाशात तिथं "पुराने पत्थर" लिहिलेलं अन् आज तिथं काहीच न्हाई, पण थोडं अलीकडं, उतारावर, एक कडं दिसतंय जे नकाशात न्हाई. पोरीचा आवाज चढला होता. मी डोकावलो. विहीर, विहिरीवरून जाणारी पांदण, पांदणीच्या वळणावर वाकडी बाभूळ. माझंच गाव. माझ्याच बापाचं शेत. आता कुणी भला माणूस असता तर लगेच बोलला असता. मी तिला बोलू दिलं. पाच मिनिटं ती दगडांचा घेर, उताराची दिशा, असलं सांगत होती अन् मी माना डोलवत होतो, अन् पोटात ते जुनं सुख उकळत होतं, समोरचा चिखलात पाय टाकणार अन् आपल्याला आधी माहीत असतं, ते सुख. मग म्हणलं, "पोरी, हे थडगं न्हाई. हे आमचं खळं हाय. ज्वारी मळायचं. ह्याच्यावर मी बैलामागं टोपलं घेऊन फिरलोय, शेण दाण्यात पडू नये म्हणून."

बाकडं हसलं. बुद्धप्रियाचा चेहरा पडला, पण आनंदराजभाऊ हटले न्हाईत. "माझ्या लेकीचा नकाशा चुकत न्हाई, वैजनाथराव," ते म्हणले. मी म्हणलं, नकाशा चुकत न्हाई हो भाऊ, माणूस चुकतं, लावा शर्त. खळं निघालं तर तुम्ही बैल, थडगं निघालं तर मी. मुसकं साखराबाईनं घरातून आणून दिलं, तिच्या सासऱ्याच्या काळचं, ताडपत्रीच्या गाठोड्यात पडलेलं. काथ्याचं, उंदरांनी कडेला कुरतडलेलं. गिरणीच्या खुंटीला तिनं ते टांगलं अन् सांगितलं, निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई.

घरी आलो तो हसतच. उज्वला सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. तिला सगळं रंगवून सांगितलं, आनंदराजभाऊ मुसकं बांधून कसे दिसतील ते चालून दाखवलं. ती हसली न्हाई असं न्हाई, थोडी हसली. मग तिनं विचारलं, कुठलं खळं. म्हणलं, माळावरचं. सूप तिच्या हातात थांबलं. दाणे सुपाच्या टोकाशी येऊन थांबले. ती म्हणाली, "माळावर अजून काय काय दिसतं म्हणे तिला?"

मी म्हणलं, काही न्हाई, दगडं. अन् न्हाणीत गेलो, अन् नळ सोडून उभा राहिलो.

आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, बसवतात. जमिनीत, मांडी घालून, हातात लिंग देऊन, जसं पूजेला बसावं. वर समाधी बांधतात, सणाला इबूत लावतात. आमच्या आप्पाची, म्हणजे माझ्या बापाची, समाधी विहिरीजवळ हाय, सिमेंटची, वर शिवप्पा असं नाव कोरलेलं. त्याच्या बापाची त्याच्या शेजारी. कोण कुठं बसलंय हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं, विसरायची सोय न्हाई. फक्त लहान लेकराचं तसं न्हाई. दात न आलेल्या लेकराला समाधी करत न्हाईत, खूण ठेवत न्हाईत, अन् जागा आईबापाला सांगत न्हाईत. सांगितली तर मन तिथंच घुटमळतं, पुढचं लेकरू टिकत न्हाई, असं म्हातारे म्हणतात. आमचं पुढचं लेकरू झालंच न्हाई. मागचं एकच, मुलगी, लातूरच्या दवाखान्यात झाली अन् तिथंच गेली, कानाचं भोक पाडायच्या आधी. तेव्हा मी लातूरला गंजगोलाईमागं एका दुकानात वायंडिंग शिकून राहिलो होतो. उज्वलाला ताप होता. मी तिच्याजवळ थांबलो अन् आप्पा पोरीला घेऊन गेला. धोतराच्या घडीत टॉवेल, टॉवेलात ती. एसटीनं गेला. मला कुणी सांगितलेलं न्हाई, पण मी ते कितीदा बघितलंय: आप्पा खिडकीशी बसलाय, मांडीवर गाठोडं, कंडक्टर येतो, तिकीट फाडतो एक, अन् गाठोड्याकडं बघून म्हणतो, लहानाचं लागत न्हाई. आप्पा मान हलवतो. खिडकीतून ऊन येतं तर टॉवेलाचं टोक सरकवून सावली करतो. हे मी रचलंय. पण आप्पाला मी ओळखतो, त्यानं सावली केली असणार.

उज्वलानं त्याला एकदाच विचारलं होतं, चूल सारवताना, मान वर न करता. तो म्हणला, "माळाला." एवढंच. माळ किती मोठा. बघावं तिथंवर मुरूम अन् कुसळं. त्यानंतर त्यानं माळाचं नाव काढलं न्हाई अन् हिनं विचारलं न्हाई, अन् मी गावी गेलो तरी विहिरीपासूनच माघारी फिरलो, माळावर पाय ठेवला न्हाई. आम्ही नांदेडला आलो, दुकान टाकलं, कॉलनी झाली, अन् मी लोकांना हसवायला लागलो. हसणाऱ्या घरात कुणी विचारत न्हाई, लेकरं किती. हे मला लवकर कळलं. एखादी नवी बाई कॉलनीत आली की तिच्या तोंडात तो प्रश्न यायच्या आधी मी तिच्या चपला झाडावर टांगलेल्या असतात.

आता माळ जाणार होता. माझा चुलतभाऊ रुद्रेश शेत कसतो, त्यानं मागच्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं की माळ सपाट करून घेतो, मशीन येणार हाय, सोयाबीन तरी होईल. मी बरं म्हणलो होतो. मोठ्यानं बोललो होतो, स्पीकरवर, उज्वला भाकरी थापत होती, तिचा हात थांबला न्हाई. तेव्हा मला वाटलं, विसरली. नळ सोडून उभा होतो तेव्हा कळलं की हात थांबला न्हाई म्हणजेच विसरली न्हाई. मशीन एकदा फिरलं की "माळाला" असं म्हणायलाही माळ राहणार न्हाई. तिला इतकी वर्सं निदान एवढं तरी होतं की ती तिकडं कुठंतरी हाय, अन् तिकडं तोंड करून बसता येत होतं. आमच्या घराची मागची पायरी त्याच दिशेला हाय. ती संध्याकाळी तिथंच बसते. मी म्हणत असतो, पुढं बस की, पुढं वारं येतं.

दोन दिवसांनी बुद्धप्रिया दुकानात आली. मी एका मोटारीचं कॉइल वार्निशात बुडवून टांगत होतो. त्या वासानं नव्या माणसाचं डोकं धरतं, मला मात्र त्याच्याशिवाय हवा पातळ वाटते. मी म्हणलं, ये, हरल्याचं कबूल करायला आलीस ना, बापाला सांग गवत खायची सवय कर. तिनं काउंटरवरचे स्क्रू बाजूला सारून लॅपटॉप ठेवला. ती हसत नव्हती, पण रागातही नव्हती. मला म्हणली की काका, तुमचं बरोबर निघालं, ते खळं हाय, जुन्या फोटोत आजूबाजूच्या शेतातपण असलीच खळी दिसतात, गोल, पांढरी. पण हे बघा. तिनं एकामागं एक वर्स सरकवलं. वरून काढलेले उन्हाळ्यांचे फोटो. मळणी मशीनवर गेली तशी शेजारची खळी पुसट होत गेली, त्यावर पेरा आला, विरली. आमचं एकटं उरलं. अन् नुसतं उरलं न्हाई. दरसाली त्याची कड जाड होत होती. आधी बारीक रेघ, मग बांगडी, मग कडं. "काका, मळणी बंद झालेल्या खळ्याला दरसाली दगड कोण रचतं?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, उंदरं रचत असतील, आमच्या गावची उंदरं कष्टाळू. तिनं एका वर्सावर बोट ठेवलं. मग म्हणाली, इथपासनं पुढं वाढायचं थांबलं. मी वर्स बघितलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही आप्पाला विहिरीजवळ बसवलं होतं.

कॉइलवरून वार्निशाचा थेंब फरशीवर पडत होता अन् मी तो पुसत नव्हतो. मला आठवलं की आप्पा एकाएकी मॉडर्न झाला होता. सगळ्या शिवारात पहिल्यांदा मळणी यंत्र त्यानं सांगितलं, भाड्यानं, अन् ते बांधावर उभं करायला लावलं, खळ्यात न्हाई. गावात मी त्याची लई टिंगल केली. म्हातारा बैलांचे पाय जपून राहिला, म्हणलो. बैल विकले तर म्हणलो, आता पँट शिव. तो माझ्याकडं बघून तंबाखू मळायचा. खळं करायला जागा भिजवायची, तुडवायची, शेणानं सारवायची, मधोमध खड्डा घेऊन तिवडा रोवायचा, त्या खांबाला पात, म्हणजे बैलांची ओळ, बांधायची अन् गोल फिरवायची, चैतापर्यंत हे सगळं चालायचं. मग तिवडा उपटून घरी न्यायचा. खड्डा तसाच राहायचा, पुढच्या सालासाठी. माळाचा मुरूम असा की पहार उडते. उन्हाळ्यात एकट्या म्हाताऱ्याला, एका दिवसात, तिथं खोल खड्डा घेता येत न्हाई. पण एक खड्डा तयार होता. आमची मुलगी गेली तेव्हा चैत सरत आला होता, अन् मळणी यंत्र आलं ते पुढच्याच सुगीला. हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप जुळत गेलं, तारेचे पदर बसतात तसं, एकावर एक, अन् मी थांबवू शकत नव्हतो. पोरीला म्हणलं, रविवारच्या आधी माळावर जाऊन येऊ. तुझ्या बापाला बैल करायचाय तर पुरावा पाहिजे. माझा आवाज नीट निघाला. तो नीटच निघतो, तोच तर माझा धंदा.

कंधार, जांब करत जळकोट गेलं की पुढं रस्ता बारीक होतो. बुद्धप्रिया मागच्या सीटवर नकाशाची नळी पायांत धरून बसली होती. माळाच्या कडेला मशीन येऊन उभंच होतं, पिवळं, सोंड जमिनीला टेकवून झोपल्यासारखं. ड्रायव्हर सावलीला डबा खात होता. रुद्रेश आम्हाला बघून पळत आला, दादा, फोन तरी करायचा. मी म्हणलं, पाव्हणी आणलीय, थडगी हुडकते, तुझं माप घेऊन ठेवेल. तो हसला. मी पुढं चालायला लागलो. मी ज्या खळ्यावर शर्त लावली होती त्याची कड म्हणजे मुठीएवढे दगड, बैलाच्या खुराला लागू नयेत असे. इथं कमरेला येतील असले धोंडे होते. काळे, शेवाळून वाळलेले, एकाला एक टेकवून, सगळीकडून बंद. एवढ्या उंच कड्यातून बैल आत जात न्हाई. कुत्रंपण जात न्हाई. मधी तिवड्याच्या जागी एक उभा दगड, त्याच्यावर इबुतीचे तीन पट्टे, ताजे न्हाईत, पण पार धुतलेले पण न्हाईत.

बुद्धप्रिया एकेका धोंड्याजवळ बसून हात फिरवत होती. हळू आवाजात म्हणाली, हे नकाशातल्या कड्याचे दगड हायत, वरच्या अंगाचे, कुणीतरी इथं ओढून आणले. म्हणजे तिचं हरवलेलं कडं घावलं, पण ज्या मेलेल्यासाठी ते रचलं होतं त्याच्याजवळ न्हाई. रुद्रेश म्हणला, आप्पाकाकानंच आणले, एकेक, दोरी लावून. वर तलावाचं काम निघालं तेव्हा ते उखडले होते, पडून होते. लोकं म्हणायची म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आजारी पडला तेव्हा मला बजावलं, इथं नांगर घालायचा न्हाई, पाडव्याला इबूत लावायची. मी लावून राहिलो. नांगर कधी घातला न्हाई दादा, मशीन म्हंजी काय नांगर न्हाई ना.

मी विचारलं, का घालायचा न्हाई, सांगितलं होतं का.

"म्हणला, आपलं माणूस हाय तिथं," रुद्रेश म्हणला. "मी इचारलं कोण, तर म्हणला, अजून बोलाय न शिकलेलं."

वारं होतं थोडं. कुसळं पायजम्याला चिकटली होती, ती मी वाकून एकेक काढत बसलो. काढून संपली तरी वाकलेलाच होतो. माझ्याकडं नेहमी एक काहीतरी असतं बोलायला, जिभेखाली ठेवलेलं, सुपारीसारखं. तिथं हात घातला तर काही नव्हतं. फक्त डोक्यात आलं की आप्पा एकटाच दोरी खांद्यावर घेऊन हे धोंडे ओढत असेल तेव्हा कुणीतरी त्यालाही म्हणलं असेल, म्हातारा बैल झाला.

मग मी जे करतो तेच केलं. बुद्धप्रियाला बाजूला नेलं अन् म्हणलं, तीन हजार वर्सं लिही. जुनं थडगं लिहून टाक, सरकारी बोर्ड लाव, कोण तपासायला येतंय. आयुष्यातली सगळ्यात भारी गंमत झाली असती ती, अन् मशीनही परत गेलं असतं. तिला कळलं होतं. म्हणाली, "काका, एक ठिपका खोटा टाकला तर माझे बाकीचे सगळे मेलेले खोटे पडतील." म्हणलं, मग काय, खळं लिहितेस? तुझा बाप बैल होईल. ती धोंड्यावर बसली, मोबाईल काढला, अन् लिहिता लिहिता मला ऐकू येईल असं बोलत गेली. जुन्या कड्याचे दगड, हलवून आणलेले. जागा पूर्वी खळं. आत अलीकडचं दफन. हलवू नये. वारस हयात.

वारस हयात. तिच्या बापाच्या खात्यातला शब्द. सातबारावर असतो, बाप मेला की लेकराचं नाव चढतं. इथं लेकराचे वारस आम्ही दोघं. काय चढवणार आमच्या नावावर. मी रुद्रेशला म्हणलं, कडं सोडून फिरव. त्यानं कारण विचारलं न्हाई, ड्रायव्हरकडं गेला, हात लांब करून दाखवलं, इथून इथपर्यंत न्हाई. बोट फिरवत होता तेव्हा गोलच फिरवलं त्यानं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उज्वला मागच्या पायरीवर बसली होती. पुढं बस म्हणलो न्हाई, तिच्याजवळ बसलो. रस्ताभर वाक्य जुळवून आलो होतो, ते सगळं गेलं. म्हणलं, आप्पानं तिला खळ्यात ठेवलं. तिवड्याच्या जागी. भोवती धोंडे लावलेत.

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया गोळा करत होतं. मग तिनं विचारलं, "खोल हाय का?"

म्हणलं, तिवड्याचा खड्डा खोलच असतो. पात ओढली तरी हलू नये एवढा.

"मग कोल्ह्याकुत्र्याचं न्हाई," ती म्हणाली. अन् पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली. एवढ्या वर्सांत तिला रात्री कोल्हं ओरडलं की उठून बसताना मी बघत होतो, अन् दरवेळी वाटायचं, झोप हलकी हाय बाईची. मी तिला कोल्ह्याचा आवाज काढून दाखवायचो.

रविवारी संध्याकाळी प्लॉटात सगळी कॉलनी. खांब रोवला होता, पंचायत बसावी तशा खुर्च्या मांडल्या होत्या. आनंदराजभाऊंनी मला गेटातच गाठलं. लेकीनं त्यांना सांगितलं असणार. हात धरून हळू म्हणले, "वैजनाथराव, मी हरलो म्हणून सांगतो. खळं होतंच की ते." माणूस आयुष्यभर एक वीत इकडंतिकडं झालेली खपवून घेत न्हाई, अन् आज माझ्यासाठी अख्खी शर्त चुकीची मोजायला निघाला होता. मी म्हणलं, भाऊ, तुमच्या लेकीनं थडगं लिहिलंय, शर्त ती शर्त. अन् सगळ्यांकडं वळून दोन्ही हात वर करून हंबरलो. हशा झाला. साखराबाईनं खुंटीवरचं मुसकं आणलं, माझ्या तोंडावर बसवलं, मानेमागं गाठ मारली. म्हणाली, आता बघू कसा बोलतो.

काथ्याला जुन्या कडब्याचा वास होता. नाकाला टोचत होतं. दोरी गळ्यात, दुसरं टोक खांबाला. मी चालायला लागलो. पहिल्या फेऱ्यांना सगळं होतं तसंच होतं, पोरं सदऱ्याचं टोक शेपटी म्हणून धरायला धावत होती, मोबाईल वर निघाले होते, कुणी कडब्याची पेंढी पुढं करत होतं. मला हजार गोष्टी सुचत होत्या अन् एकही बाहेर पडत नव्हती. मुसक्याच्या आत नुसता श्वास, गरम, आपलाच आपल्याला परत येणारा. गोल फिरलं की माणूस कुठं बघतो तर मधी बघतो. खांबाच्या बुंध्याशी नवी माती होती, ओली, दाबलेली. मी तिच्याकडं बघत फिरत होतो. लहानपणी बैल फिरताना माझं टोपलं भरून जायचं अन् आप्पा मागून म्हणायचा, मधी जाऊ नको, पाय पडेल.

मग उज्वला आली. कॉलनीच्या असल्या तमाशात ती कधी येत न्हाई, गॅलरीतून बघते. पदर खोचलेला, अनवाणी. माणसांमधून वाट काढत सरळ आत आली, माझ्या गळ्यातल्या गाठीमागं लोंबणारं दोरीचं टोक हातात घेतलं अन् माझ्या मागं चालायला लागली. साखराबाई ओरडली, हाण गं उज्वला, लई दिवसांनी घावलाय. टाळ्या पडल्या. उज्वला हाणत नव्हती. ती नुसती चालत होती, मी जसा चालत होतो तशी, बाहेरच्या अंगानं, नजर मधी. दोरी ताणलेली नव्हती, ढिलीपण नव्हती. माझ्या मानेला तिचा हात कळत होता.

फेऱ्या किती, हे शर्तीत ठरलंच नव्हतं. थोड्या वेळानं हसणं विरळ झालं. पोरं कंटाळली, क्रिकेटकडं गेली. कुणीतरी म्हणलं, बास की आता, सोडा. आनंदराजभाऊ खुर्चीवरून उठून उभे राहिले, बुद्धप्रिया त्यांच्या शेजारी. साखराबाईनं जाऊन गिरणी सुरू केली, पट्ट्याचा आवाज आला, पिठाचा वास आला. आम्ही फिरत होतो. पायाखाली गोल वाट उमटायला लागली होती. पात कधी सोडायची ते हाकणाऱ्यानं ठरवायचं असतं, बैलानं न्हाई.